हंबनटोटा बंदर : गहाण कीं पट्टा ?

श्रीलंकेनें चीनचें कर्ज काढलें, तें फिटेना, म्हणून चीननें तेथील हंबनटोटा बंदर कर्जापोटीं ओढून घेतलें, ही गोष्ट आतां बाजाराच्या दिवशींहि कानीं पडते. सावकारानें कुळाची जमीन गिळल्याच्या हकीकती आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलों असल्यामुळें ती चटकन् पटतेहि. परंतु ज्याचें आयुष्य गहाण, खरेदी आणि पट्टा यांच्या नोंदी करण्यांत गेलें, त्यास एक प्रश्न पडल्यावांचून राहत नाहीं : या व्यवहाराचें गहाणखत कोठें आहे ? तसें खत झालेलेंच नाहीं. जें झालें तें निराळें आहे, आणि कर्ज काढणाऱ्या प्रत्येकानें तें नीट पाहण्यासारखें आहे.

हंबनटोटा हा श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील कमी पावसाचा जिल्हा. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या आगबोटींचा मोठा मार्ग येथून जवळच आहे. तेव्हां येथें बंदर असावें ही कल्पना जुनीच. २००५ ते २०१५ या काळांत अध्यक्ष असलेले महिंद राजपक्ष याच जिल्ह्याचे. त्यांच्या कारकीर्दींत, २००७ सालीं, पहिल्या टप्प्यासाठीं चीनच्या एक्झिम बँकेकडून ३० कोटी ७० लाख डॉलर घेण्यांत आले. व्याज दरसाल दरशेंकडा ६.३. काम चिनी कंपन्यांनींच केलें. नोव्हेंबर २०१० मध्यें बंदर उघडलें. पण कोलंबोचा व्यापार तिकडे वळला नाहीं, आणि उत्पन्न व्याजालाहि पुरेना. तरी दुसऱ्या टप्प्यासाठीं आणखी कर्ज निघालें, व एकंदर आंकडा शंभर कोटी डॉलरांच्या वर गेला. जवळच मत्तल येथें चिनी कर्जानेंच विमानतळ बांधला. तो २०१३ च्या मार्चमध्यें सुरू झाला. परंतु विमानें येईनात, आणि २०१५ सालीं त्याच्या वखारींत सरकारी खरेदीचें भात सांठविण्यांत आलें. भाताची कोठी म्हणून पाहतां ती फारच महाग पडली !

पण खरी अडचण बंदराच्या हप्त्यांनीं आणली नाहीं. त्याच २००७ सालापासून श्रीलंकेनें परदेशच्या रोखेबाजारांतहि कर्ज काढण्यास आरंभ केला होता. पहिलाच रोखा ५० कोटी डॉलरांचा, व्याज शेंकडा सव्वाआठ. अशा रोख्यांचें मुद्दल बहुधा हप्त्याहप्त्यानें न देतां मुदत भरली कीं एकदम द्यावें लागतें, आणि तेंहि डॉलरांतच. आपल्या लोकांकडून रुपयांत कितीहि कर वसूल केला तरी डॉलर हातीं येत नाहींत. ते परदेशीं माल विकून, पाहुण्या प्रवाशांकडून, अथवा बाहेर राबणाऱ्या मजुरांच्या मनिऑर्डरींतूनच यावयाचे.

२०१६-१७ मध्यें हे वायदे दिसूं लागले, तेव्हां नव्या सरकारनें डॉलरांसाठीं बंदराकडे पाहिलें. जुलै २०१७ मध्यें तें चायना मर्चंट्स पोर्ट या कंपनीस ९९ वर्षांच्या पट्ट्यानें देण्याचा करार झाला. मोबदला ११२ कोटी डॉलर. चालविणाऱ्या मंडळ्यांत मिळून सुमारें सत्तर टक्के भाग त्या कंपनीचा, बाकीचा श्रीलंकेच्या बंदर खात्याचा. जमिनीची मालकी श्रीलंकेचीच. आलेले डॉलर देशाच्या गंगाजळींत गेले, आणि एक्झिम बँकेचें कर्ज एका डॉलरानेंहि कमी झालें नाहीं. तें बंदर खात्याच्या नांवावरून सरकारच्या खजिन्यावर आलें, इतकेंच.

आपल्या भाषेंत सांगावयाचें तर असें. एका खातेदारानें विहिरीसाठीं एका सावकाराचें कर्ज काढलें. पाणी थोडें लागलें. पुढें दुसऱ्याच देणेकऱ्याचा वायदा भरण्यासाठीं त्यानें विहिरीसह मळा पहिल्या सावकाराच्या भावाला ९९ वर्षांच्या पट्ट्यानें दिला. सात-बारावर नांव त्याचेंच राहिलें, आणि विहिरीचें कर्जहि त्याच्याच अंगावर. जप्ती कोठेंहि झाली नाहीं, तरी पणतूच्या काळापर्यंत पाणी दुसऱ्याच्या हातीं ! गहाण असतें तर निदान कर्जाची फेड तरी झाली असती. बंदराजवळ कारखान्यांसाठीं पंधरा हजार एकर जमीन देण्याचा बेत निघाला, तेव्हां जानेवारी २०१७ मध्यें तेथील गांवकरी व भिक्षु रस्त्यावर आले व पोलिसांशीं त्यांची झटापट झाली. पट्ट्याचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगावा लागला नाहीं.

सावकार निर्दोष आहे असा याचा अर्थ नव्हे. चिनी बँकांच्या पुष्कळ करारांत गुप्ततेची अट असते. ज्या प्रजेनें फेडावयाचें तिलाच अटी कळत नाहींत. काम चिनी कंपनीस, म्हणून पैशाचा मोठा भाग चीनकडेच परततो. शिवाय विहिरीला पाणी लागेल कीं नाहीं हें आपला तगाई देणारा कारकूनहि जागेवर जाऊन पाहत असे. येथें तें कितपत पाहिलें गेलें याची शंका येते.

पुढची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. २०१९ ची करकपात, मग महामारीनें प्रवासी बंद. २०२१ मध्यें सरकारनें रासायनिक खतांची आयात एकाएकीं बंद केली. डॉलर वाचविणें हाहि त्यामागील हेतु असल्याचें बोललें गेलें. भाताचें पीक फार बुडालें, आणि डॉलर वाचण्याऐवजीं परदेशाहून तांदूळ आणावा लागला. १२ एप्रिल २०२२ रोजीं सरकारनें परदेशी कर्जफेड थांबविल्याचें जाहीर केलें. त्या वेळीं बाहेरील सरकारी कर्जांत चीनचा भाग सुमारें पंचमांश होता. रोख्यांचा त्याहून पुष्कळ मोठा. डॉलर दोनशें रुपयांवरून थोड्याच आठवड्यांत साडेतीनशेंच्या वर गेला, म्हणजे कर्ज न वाढतांहि बोजा वाढला.

तडजोडीच्या वेळीं हिंदुस्थान, जपान, फ्रान्स वगैरे देणेकऱ्यांनीं एकत्र समिति केली. चीन तींत बसला नाहीं, वेगळा बोलला. दोन्ही करार जून २०२४ मध्यें पुरे झाले, आणि रोखेवाल्यांचा त्याच वर्षाच्या डिसेंबरांत. हंबनटोट्यास आतां मोटारगाड्यांची चढउतार बऱ्यापैकीं चालते. पट्ट्याची मुदत २११६ सालीं संपेल.