राणी रंगाचं भूत

कुणीही कधीच न पाहिलेला रंग पडद्यावर दाखवा, असं कॅमेरामनला सांगितलं तर तो काय करेल?

एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराने सिनेमावाल्यांना नेमक्या याच पेचात टाकलं. १९२७ साली आलेल्या 'द कलर आउट ऑफ स्पेस' या त्याच्या कथेत एका शेतावर उल्का पडते. तिच्यातून राक्षस निघत नाही, परग्रहवासी निघत नाही. निघतो फक्त एक रंग! तो विहिरीत मुरतो, झाडांत भिनतो, जित्याजागत्या गुरांचा भुगा करतो. त्याला हवंय तरी काय, ते शेवटपर्यंत कळत नाही. या जातीच्या भयकथांची दहशत हीच: समोरच्याचा आपल्यावर राग नसतो, आपण त्याच्या खिजगणतीतच नसतो.

कागदावर 'असा रंग नसतोच' म्हणून सुटता येतं. कॅमेऱ्याचं काय? २०१०च्या 'दी फार्बे' या जर्मन चित्रपटाने नामी युक्ती काढली. अख्खा चित्रपट कृष्णधवल. रंगीत काय, तर तो रंग तेवढा. २०१९ साली रिचर्ड स्टॅन्लीने निकोलस केजला घेऊन हीच कथा रंगीत केली आणि त्या अघोरी रंगासाठी निवडला मॅजेंटा. म्हणजे साडीच्या दुकानातला आपला राणी कलर!

हसू आलं ना? मलाही आलं होतं. आता शाळेतलं तानापिहिनिपाजा म्हणा. त्यात राणी कुठाय?

नाहीच! इंद्रधनुष्याच्या एका टोकाला तांबडा, दुसऱ्या टोकाला जांभळा, आणि राणी कुठेच नाही. कुठल्याही एकट्या तरंगलांबीचा प्रकाश राणी दिसत नाही. मग काकूंचा शालू दिसतो कसा? डोळ्यात रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. लाल आणि निळा प्रकाश एकदम आला, की लाल-निळ्याच्या पेशी कल्ला करतात आणि हिरव्याच्या त्यामानाने गप्प बसतात. लाल-निळ्याच्या तरंगलांबीची सरासरी काढावी, तर येतो हिरवा. पण हिरव्याची साक्ष तर फिकी! मेंदू अडून बसत नाही. तो चक्क एक नवा रंग रचून मोकळा होतो.

स्टॅन्लीचा चित्रपट ओटीटीवर सापडला आणि मोबाइलवर बघत असाल, तर तो रंग येताच पॉज करा. पडद्यावर पाण्याचा एक बारीक थेंब ठेवा. तो भिंगाचं काम करतो. आत लाल आणि निळे ठिपके लखलखताना दिसतील, हिरवे विझल्यासारखे. राणी रंगाचा ठिपका मात्र एकही नाही.