मुलं मोठी झाली, तरी आईची धावपळ का थांबत नाही? स्वारगेटच्या चौकातून समजून घ्या

“आता काय, मुलं मोठी झाली. सुटलीस तू!”

मुलगा किंवा मुलगी आठवी-नववीत गेली की नातेवाइकांकडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. आता भरवायचं नाही, अंघोळ घालायची नाही, रात्री-अपरात्री उठायचं नाही. म्हणजे आईचं काम कमीच झालं असणार, असा सगळ्यांचा हिशोब असतो.

प्रत्यक्षात बऱ्याच घरांमध्ये उलटं होतं. आईच्या हातांना थोडी उसंत मिळते, पण तिचं डोकं आणि तिची गाडी दोन्ही जास्त पळायला लागतात. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी मैदान. मध्येच फॉर्म, फी, डबा आणि “पोचलास का?” असा फोन.

‘हल्लीच्या मुलांना क्लासच फार’ असं म्हणून हा विषय संपवता येत नाही. गाडी चालवण्याचा कायदा, शाळेच्या वेळा, अकरावीची प्रवेश प्रक्रिया आणि शहरातली वाहतूक या सगळ्यांमध्ये १३ ते १८ वयाच्या मुलांसाठी एक पोकळी राहिली आहे. ती बहुतेक वेळा आई भरून काढते. कशी, ते एकेक करून बघू.

स्वारगेटच का?

पुण्यात ही धावपळ एका जागी बघायची तर स्वारगेटला यावं. सातारा रस्ता, शंकरशेठ रस्ता, शिवाजी रस्ता आणि टिळक रस्ता जेधे चौकाच्या आसपास एकमेकांना भेटतात. एसटीचं स्थानक इथे आहे आणि पीएमपीचं मुख्यालयही इथेच आहे. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि मेट्रोही इथपर्यंत आली.

टिळक रस्त्यावर स. प. महाविद्यालय, पलीकडे सदाशिव पेठेतले क्लास, पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक, खेळायला सणस मैदान आणि नेहरू स्टेडियम. कात्रज, धनकवडी, बिबवेवाडीकडून शहराच्या मध्यभागी येणारी मुलं इथूनच पुढे जातात. म्हणजे किशोरवयीन मुलांना लागणारं जवळपास सगळं या पट्ट्यात आहे. अडचण फक्त एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वेळेत पोचण्याची आहे.

रिक्षावाले काका सुटले, लायसन्स मिळालं नाही

लहान मुलांसाठी शाळेची बस, व्हॅन किंवा रिक्षावाले काका असतात. अकरावीत गेल्यावर ही सोय साधारणपणे संपते. क्लास आणि मैदानासाठी तर ती आधीही नसते.

मग मुलांनी स्वतः गाडी चालवावी का? कायदा काय म्हणतो बघा. १६ वर्षं पूर्ण झाल्यावर ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं लायसन्स पालकांच्या संमतीनं मिळतं. पण रस्त्यावर दिसणाऱ्या नेहमीच्या स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या असतात. त्यांच्यासाठी १८ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग आणि २५० वॅटपर्यंत मोटर असलेल्या ई-स्कूटरला लायसन्स लागत नाही, त्यामुळे काही घरं तो मार्ग निवडतात. पण सातारा रस्त्याच्या गर्दीत तेवढ्या वेगानं मुलाला पाठवायला सगळ्यांचं मन धजावत नाही.

‘एवढ्या जवळ तर जायचंय’ म्हणून किल्ली दिली तर? मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्श गाडीखाली दोघांचा जीव गेला आणि हा कायदा पुण्याच्या घराघरात पोचला.

नियम योग्यच आहे. पण त्यानंतर प्रश्न उरतो तो असा, की मुलाला क्लासला सोडणार कोण?

असुरक्षित शहराचं बिल आईच्या वेळेतून

बस आणि मेट्रो हे याचं सरळ उत्तर. पण ‘बस आहे’ आणि ‘मुलीला बसनं पाठवता येतं’ यात अंतर आहे.

२५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे स्वारगेट एसटी स्थानकात उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. दिवसरात्र गजबजलेल्या स्थानकात, पोलीस चौकीपासून काही अंतरावर हे घडलं. सुरक्षारक्षक, सीसीटीव्ही, आवारात पडून असलेल्या जुन्या बस या सगळ्यांवर राज्यभर चर्चा झाली.

अशा घटनेचा एक परिणाम बातम्यांमध्ये येत नाही, तो घरातल्या वेळापत्रकात दिसतो. साडेसहाचा क्लास सुटल्यावर एकटी येणारी मुलगी ‘थांब, मी येते घ्यायला’ या यादीत जाते. त्यात मुलीचं फिरणं कमी होतं आणि आईच्या फेऱ्या वाढतात. नोकरी करणाऱ्या आईला त्यासाठी लवकर निघावं लागतं, कुणाला अर्धवेळ काम शोधावं लागतं. मुलाला मिळणारी मोकळीक मुलीला मिळत नाही, आणि या फरकाची भरपाई आईच्या वेळेतून होते. म्हणून दिवे, गर्दीच्या वेळी पुरेशा बस आणि स्थानकातली सुरक्षा हे आईच्या रोजगाराचेही प्रश्न आहेत.

शरीराचं घड्याळ एक, शाळेचं दुसरं

“रात्री झोपत नाही आणि सकाळी उठत नाही” ही तक्रार घरोघरी आहे. यामागे मोबाईल असतोच, पण तेवढंच कारण नाही. वयात येताना शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे मुलांना खरंच लवकर झोप येत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन १३ ते १८ वयासाठी ८ ते १० तास झोप सुचवते. रात्री बाराला झोपून सकाळी सहाला उठणाऱ्या मुलाचं गणित इथेच चुकतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. लहान मुलांना दिलासा मिळाला, पण ज्या वयात झोप पुढे सरकते ते वय या निर्णयाच्या बाहेर राहिलं. कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी सुरू करता येत नाहीत.

क्लासच्या वेळांचंही तसंच. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळेच्या वेळेत क्लास नको, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त नको, अगदी पहाटे किंवा फार रात्री नको, आठवड्याला सुट्टी हवी. पण या सूचना आहेत, अंमलबजावणी राज्यांच्या हातात. तोवर पहाटे मुलाला उठवणं आणि रात्री त्याच्यासाठी जागणं या दोन्ही ड्युट्या एकाच माणसाकडे असतात. तिच्या झोपेचे तास मात्र कुणी मोजत नाही.

डबा एक, भूक दीडपट

मुलं मोठी झाली की स्वयंपाक सोपा होतो, हाही गैरसमजच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला साधारण २,११० किलोकॅलरी लागतात. १६ ते १८ वयाच्या मुलाला ३,३२०, म्हणजे ऑफिसात बसणाऱ्या वडिलांच्या दीडपट. त्याच वयाच्या मुलीला साधारण २,५००.

मुलींच्या बाबतीत काळजी वेगळी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्ताची कमतरता आढळली. “भूक नाही” म्हणून सकाळी तशीच निघालेली मुलगी आणि तिच्यामागे दारापर्यंत लाडू घेऊन जाणारी आई हे दृश्य विनोदी वाटतं, पण त्यामागची काळजी खरी असते.

शिवाय प्रत्येकाची जेवायची वेळ वेगळी. एकाला सकाळी सातला डबा, दुसरीला क्लासला जाण्याआधी चारला पोळीभाजी, रात्री साडेनऊला मैदानावरून आलेल्याला पुन्हा गरम जेवण. एका स्वयंपाकाच्या अशा तीन पाळ्या होतात.

अकरावीचा फॉर्म: घरातलं छोटं ऑफिस

दहावीचा निकाल लागला की घरात वेगळंच काम सुरू होतं. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश आधी पुणे-पिंपरी चिंचवड, मुंबई महानगर, नाशिक, नागपूर, अमरावती अशा भागांपुरते होते. २०२५-२६ पासून ते राज्यभर लागू झाले.

फॉर्ममध्ये १० पर्यंत कॉलेज पसंतीक्रमानं भरता येतात. यातला महत्त्वाचा नियम असा, की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून बाहेर पडावं लागतं. म्हणजे पहिलं नाव विचार करूनच टाकायचं. मागच्या वर्षीचा कटऑफ किती, घरापासून कॉलेज किती लांब, क्लासच्या वेळेशी जुळतं का, सगळं बघायचं. सोबत जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, रहिवासी दाखला अशी कागदपत्रं. हे काम हातानं उचलावं लागत नाही, त्यामुळे ते काम म्हणून मोजलंही जात नाही.

जे काम दिसतच नाही

समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी अमेरिकेतल्या ३५ जोडप्यांशी बोलून २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. घर चालवण्यामागच्या डोक्यातल्या कामाचे त्यांनी चार भाग केले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि नंतर ते नीट होतंय का यावर लक्ष ठेवणं. निर्णय बऱ्यापैकी दोघं मिळून घेत होते. पण पहिला आणि शेवटचा भाग जास्त करून बायकांकडे होता.

हे आपल्याकडे लावून बघा. ‘फिजिक्सचा क्लास लावायचा का?’ हे रविवारी आईबाबा दोघं बसून ठरवतात. पण चाचणीत मार्क कमी होत चाललेत हे आधी कुणी ओळखलं? कोणती बॅच लवकर सुटते याची चौकशी कुणी केली? फी भरल्यावर मूल रोज जातंय का, हे कोण बघतं?

भारतातली आकडेवारीही हाच कल दाखवते. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, तर पुरुष ८८ मिनिटं. १५ ते ५९ वयोगटात घरातल्यांची काळजी घेण्याच्या कामात ४१ टक्के बायका होत्या आणि २१.४ टक्के पुरुष. कुकरच्या शिट्ट्या मोजताना मनात चाललेली उद्याची आखणी अशा मोजणीत पकडणं तर आणखी अवघड.

मग बदलता काय येतं?

काही गोष्टी शहराच्या हातात आहेत. मेट्रो जानेवारी २०२५ पासून रात्री ११ पर्यंत धावते, म्हणजे उशिरा सुटणाऱ्या क्लासच्या मुलांना एक पर्याय आहे. मेट्रोच्या विद्यार्थी पासवर तिकिटात ३० टक्के सवलत मिळते. जून २०२५ मध्ये पीएमपीनं भाडं वाढवलं, पण ७५० रुपयांचा विद्यार्थ्यांचा मासिक पास वाढवला नाही. स्वारगेट ते कात्रज हा सुमारे साडेपाच किलोमीटरचा भुयारी मार्ग मंजूर झाला आहे. तो पूर्ण झाला तर सातारा रस्त्यावरच्या कितीतरी घरांमधल्या सोडण्या-आणण्याच्या फेऱ्या कमी होतील.

काही गोष्टी घराच्या हातात आहेत. इथे ‘मदत’ आणि ‘जबाबदारी’ यातला फरक महत्त्वाचा. “सांग, काय आणू?” असं विचारणारा माणूस मदत करतो, पण काय आणायचं हे लक्षात ठेवायचं काम आईकडेच राहतं. त्याऐवजी एक अख्खं काम द्यायचं. क्लासची फी, वेळा आणि शिक्षकांशी बोलणं बाबांकडे. पास संपायच्या आधी रिचार्ज, स्वतःचा गजर आणि मैदानाची बॅग मुलांकडे. अख्खं म्हणजे आठवण करून द्यायची जबाबदारीसुद्धा.

मुलांना हे जमतं. जी मुलगी दहा कॉलेजांचे कटऑफ पाठ सांगू शकते, ती स्वतःचा बसमार्गही शोधू शकते. सुरुवातीला दोन-चार वेळा बस चुकेल, डबा विसरेल. तेव्हा लगेच गाडी काढून निघायचं नाही, हे आईलाही शिकावं लागतं.

आपल्या घरात हे काम कुणाकडे आहे, हे तपासायला तीन प्रश्न पुरेत. कॉलेज आणि क्लासचे व्हॉट्सॲप ग्रुप कुणाच्या फोनमध्ये आहेत? शाळेच्या फॉर्मवर पहिला मोबाईल नंबर कुणाचा आहे? आणि आई चार दिवस बाहेरगावी गेली, तर उद्या कोण किती वाजता कुठे असेल हे घरात दुसऱ्या कुणाला सांगता येईल का?

तिन्हींचं उत्तर एकच नाव असेल, तर त्यातलं एक तरी काम या रविवारी दुसऱ्याच्या नावावर करा.