निद्रा आणि जागृतीच्या पेशी

निद्रा म्हणजे मेंदूचे थांबणे नव्हे; तीही पेशींच्या कार्यातूनच घडते. १९१७ साली व्हिएन्नातील वैद्य कॉन्स्टान्टिन फॉन इकॉनोमो यांनी मेंदूज्वराच्या एका साथीचे वर्णन केले. हायपोथॅलॅमसचा पुढील भाग बिघडलेल्या रुग्णांची झोप उडत असे, तर मागील भाग बिघडलेले रुग्ण सतत निजून राहत. आज या पेशींचे वर्गीकरण त्यांचे स्थान, स्राव आणि क्रियेची वेळ यांवरून केले जाते. पुढील भागातील निद्राकारक पेशी ‘गाबा’ व ‘गॅलॅनिन’ या द्रव्यांनी जागृतिकारक पेशींना आवरतात. जागृतिकारक पेशीही त्यांना आवरतात. १९९८ साली ज्ञात झालेले ‘ओरेक्सिन’ निर्माण करणाऱ्या पेशी जागृती स्थिर राखतात. त्या नष्ट झाल्यास नार्कोलेप्सी हा विकार जडतो व रुग्णास भरदिवसा अनावर झोप येते. अशा व्यक्तीस आळशी ठरविणे आम्हांस अन्यायाचे वाटते; तिला उपदेशापेक्षा उपचाराची आवश्यकता आहे.