वारा उठायच्या आत लेह!

लेहचं तिकीट काढताना 'दुपारची फ्लाइट नाही का रे?' असं विचारणारा एक तरी मेंबर प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. बॉस, लेहला विमानं मुख्यतः सकाळीच! ऊन चढलं की डोंगरांतून असे वारे सुटतात, की उतरणं अवघड होऊन बसतं.

मुळात उंची बघा. ३,२५६ मीटर! कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं, तर कुठे या धावपट्टीशी बरोबरी होईल. हवा विरळ, त्यामुळे तोलून धरायला विमानाला वेग जास्त लागतो आणि इंजिनाचा जोर मात्र कमी पडतो. हवा तापली की ती आणखी विरळ होते. जुलै २०२४मध्ये चक्क उकाड्यामुळे लेहची उड्डाणं रद्द झाली होती. लेहमध्ये उकाडा!

त्यात चहूबाजूंनी डोंगर. इतर ठिकाणी वाऱ्याची दिशा बघून धावपट्टीचं टोक बदलता येतं. इथे सहसा स्पितुक गोम्पाच्या बाजूने आत शिरायचं आणि त्याच बाजूने बाहेर पडायचं. २४ मे १९४८ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी इथे पहिलं डाकोटा उतरवलं, सोबत मेजर जनरल थिमय्यांना घेऊन. सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरने तयार करून घेतलेल्या कच्च्या पट्टीवर!

मी गेले होते जानेवारीत, चादर ट्रेकसाठी. लेहवर पोचलो तर खाली नुसते ढग. दोन-तीन घिरट्या झाल्या आणि पायलटने शांतपणे सांगितलं, आपण दिल्लीला परत जातोय. अख्खा ग्रुप करवादला. ट्रेकच्या तारखा, सुट्टी, पैसे, सगळं आठवलं. माझ्या शेजारी एक लडाखी आजी होत्या, दिल्लीत उपचार घेऊन घरी निघालेल्या. मांडीवर औषधांची पिशवी. हिवाळ्यात बर्फाने रस्ते अडले की त्यांना वाट हीच. त्या फक्त म्हणाल्या, "कल चलेंगे." आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी आभाळ लख्ख. डोंगर इतके जवळ, की खिडकीजवळ बसणाऱ्यांची बडबड आपोआप थांबली. चाकं टेकली तशी मागून कुणीतरी टाळी वाजवली. आजी पिशवी सावरून आमच्या आधी उतरल्या. आम्ही ट्रेकर मंडळी चार पावलांत धापा टाकत होतो.

तुम्ही जाणार असाल तर पुढे-मागे एकेक दिवस मोकळा ठेवा. आणि पहिले दोन दिवस नुसतं लोळा. चादर कुठे पळून जात नाही.