चेंडूविना निवड

14 ऑक्टोबर 2025 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने फुटबॉलमध्ये भारताला 2-1 असे हरवले आणि 2027 च्या आशिया चषकाची आपली वाट बंद झाली. त्यानंतर संघ नव्याने बांधण्याची भाषा सुरू झाली, आणि ती लगेच नावांवर घसरली. प्रशिक्षक खालिद जमील यांनी ऑगस्टमध्ये सुनील छेत्रीला वगळले, ऑक्टोबरच्या सामन्यांसाठी परत बोलावले. एकेचाळिशीतल्या खेळाडूकडे वळावे लागते यावर बरेच लिहून झाले. मला हा वादच उशिराचा वाटतो. शिबिरात येणारी तेवीस-पंचवीस नावे म्हणजे चाळणीतून उरलेले दाणे. चाळणी त्याआधी बारा-पंधरा वर्षे फिरत असते, आणि तिची भोके कोणत्या आकाराची आहेत हे पाहायचे तर आदिलाबादसारख्या जिल्ह्यात यावे लागते.

तेलंगणात हकीमपेट, करीमनगर आणि आदिलाबाद इथे सरकारी क्रीडा शाळा आहेत. प्रवेश चौथीच्या वर्गात, म्हणजे मूल आठ-नऊ वर्षांचे असताना. चाचण्या ठरलेल्या: उंची, वजन, तीस मीटर धाव, आठशे मीटर धाव, शटल रन, उभ्याने लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉल फेकणे, शरीराची लवचिकता. लांब उडीच्या वेळी मूल रेषेमागे पायाचे अंगठे टेकवून उभे राहते, हात मागे नेऊन झेप घेते, आणि टाच उमटते तिथवर टेप धरून सेंटिमीटर लिहून घेतात. साऱ्या यादीत चेंडू म्हणावा असा तो मेडिसिन बॉल तेवढा, आणि तो पायाने मारायचा नसतो. पुढे कुणी कबड्डीकडे जाते, कुणी ॲथलेटिक्सकडे, कुणी फुटबॉलकडे. पण दारातून आत कोण येणार हे धावण्या-उडण्यावरच ठरते.

या पद्धतीच्या बाजूने एक मुद्दा आहे, आणि तो वजनदार आहे. उटनूर किंवा इंद्रवेल्लीच्या आश्रमशाळेतल्या गोंड, कोलाम मुलाच्या हाती फुटबॉल आलेलाच नसेल, तर चेंडूची परीक्षा घेणे म्हणजे शहरातल्या मुलाला गुण वाटणे. धावता मात्र सगळ्यांना येते. हे खरे आहे. पण नऊ वर्षांच्या वयात दहा-अकरा महिन्यांनी मोठे असणारे मूल उंच असते, जोरात धावते. टेप त्या महिन्यांनाच गुणवत्ता समजतो. शिवाय फुटबॉलमध्ये जे सर्वांत दुर्मीळ, म्हणजे चेंडू येण्याआधी मान वळवून जागा हेरणे, ते कोणत्याही स्टॉपवॉचवर उमटत नाही. मुलाला चेंडू ठाऊक नसेल तर आधी दोन-तीन महिने चेंडू द्यावा आणि मग पाहावे. त्याला ठाऊक नाही म्हणून चाचणीतून चेंडूच काढून टाकणे हे उत्तर होत नाही.

असे पाहण्याची रीत आदिलाबाद ज्यात होते त्या जुन्या हैदराबाद राज्यातच घडली होती. सय्यद अब्दुल रहीम हे शाळामास्तर 1943 पासून हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव होते. ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा त्यांनी भरवल्या. दुबळ्या पायानेच खेळायच्या स्पर्धाही भरवल्या. हे केवळ सरावाचे प्रकार नव्हते. ड्रिबलिंग बंद केले की पास कोणाला सुचतो ते दिसते. भरवशाचा पाय काढून घेतला की कोण शिकतो ते दिसते. जे हवे ते उघडे पडेल असा नियम आधी, माणूस निवडणे नंतर. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असे चिरडले होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले, आदिलाबादचे किनवट आणि राजुरा तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, 1 डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीम प्रशिक्षक असलेल्या भारतीय संघाने ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरवले. त्यातले तीन गोल मुंबईकडून खेळणाऱ्या, मूळ गोव्याच्या नेव्हिल डिसूझाचे. भारत त्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला. जकार्तात 1962 च्या आशियाई स्पर्धेत जर्नेल सिंग हा बचावपटू डोक्याला टाके पडलेले असताना सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवला गेला, आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने गोल केला. जागा बदलून माणूस कुठवर जाईल हे ज्याने वर्षानुवर्षे न्याहाळले आहे, त्यालाच असे धाडस साधते.

रहीम यांच्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकू नये. त्यांचे हैदराबाद म्हणजे मुख्यत्वे शहर: सिटी पोलिसांचा संघ, सिकंदराबादची छावणी, शहरातल्या शाळा. 1950 ते 54 सलग पाच रोव्हर्स चषक जिंकणाऱ्या त्या संघाची पाळेमुळे गोदावरीच्या उत्तरेला, आदिलाबादकडे, पोचली नव्हती. म्हणूनच जून 1963 मध्ये ते गेल्यावर ती विहीर हळूहळू आटत गेली. छेत्रीचा जन्म सिकंदराबादचा, पण खेळाडू म्हणून तो घडला दुसरीकडे. 2022 मध्ये इंडियन सुपर लीग जिंकणारा हैदराबाद एफसी साडेतीन वर्षांत शहर सोडून दिल्लीला गेला.

कुणी म्हणेल, राष्ट्रीय प्रशिक्षकाने लीगमधले खेळाडू पाहायचे की तांड्यावर फिरायचे? त्याने लीगच पाहावी. पण गोदावरीपलीकडच्या निजामाबाद जिल्ह्यातल्या लंबाडा तांड्यावरची सौम्या गुगुलोत भारताकडून खेळते, आणि जुलै 2025 मध्ये थायलंडला 2-1 असे हरवून महिला संघ पात्रता फेरीतून प्रथमच आशिया चषकाला पोचला तेव्हा ती त्या चमूत होती. तांड्यापासून संघापर्यंत वाट आहे. ती पायवाट आहे, सडक नाही. परदेशी जन्मलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना आणावे, असा दुसरा उपाय सांगतात. आणावे, माझी हरकत नाही. पर्थच्या रायन विल्यम्सने त्यासाठी ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडले, ही लहान गोष्ट नव्हे. पण दुसऱ्याच्या चाळणीतून आलेला दाणा आपली चाळणी सुधारत नाही. आणि ‘आदिवासी पोरं मुळातच काटक’ हे कौतुक तर मला नकोच वाटते. त्या कौतुकामुळेच त्यांच्यासाठी धावण्याची चाचणी पुरेशी ठरते; त्यांच्या डोक्यात खेळ असेल, हे कुणी तपासत नाही.

म्हणून आदिलाबादच्या क्रीडा शाळेच्या यादीत दहावी चाचणी हवी, आणि ती एका सकाळची नसावी. कापूस वेचून झाला की उटनूर, इंद्रवेल्लीच्या आश्रमशाळांत पाच-पाच मुलांचे सामने लावावेत. शक्य तर राज्याच्या सीमेपलीकडच्या किनवटच्या शाळाही बोलवाव्यात. पहिले काही आठवडे नुसता चेंडू, मग एक आठवडा फक्त दुबळ्या पायाने. वहीत जन्माचा महिना आधी लिहावा, उंची शेवटी.