अकरा कॅमेरे, एक ताशा!

ढोल-ताशा पथकात शिरायला सध्या दोन गोष्टी लागतात. कमरेत दम आणि हातात फोन! ऑफिस सुटलं की आपली आयटी-बँक-एचआर गँग सरावाला हजर, आणि मिरवणूक संपली की प्रत्येकाच्या फोनमध्ये चाळीस-चाळीस क्लिप्स. पुढे? पुढे काही नाही. सगळं ग्रुपवर पडतं आणि तिथंच विसर्जित होतं.

गेल्या वर्षी आमच्या पुण्यातल्या पथकाला मात्र फिल्म हवीच होती. आमचे ताशाचे काका (वय ६३, खांद्याचं दुखणं) शेवटचं वाजवणार होते. अनंत चतुर्दशीला शूट, कोजागिरीला स्क्रीनिंग. मध्ये जेमतेम महिना. कॅमेरे अकरा: सात फोन, दोन मिररलेस, एक अ‍ॅक्शन कॅमेरा आणि लक्ष्मी रोडवरच्या गॅलरीत कुणाच्या तरी बाबांचा जुना हॅंडिकॅम. पथकात व्हिडिओतली मी एकटी, त्यामुळे एडिटिंग माझ्या गळ्यात!

बॉस, अशा वेळी पहिला फंडा असा, की सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. आधी वही उघडायची. फिल्म सेकंदाला किती फ्रेम्सची, हे शूटच्या आधी ठरवा. आम्ही २५ ठरवले. कारण साधं आहे. हॅंडिकॅम पाल पद्धतीचा, म्हणजे २५चाच, आणि मिररलेसही २५वर लावता येतात. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची. शटर १/५०वर ठेवलं की रस्त्यावरचे दिवे व्हिडिओत लुकलुकत नाहीत. उरले फोन. ते मुळात ३०वर असतात. ३०चे २५ करायचे म्हणजे दर सहावी फ्रेम फेकायची. चालणाऱ्या माणसात हे कळत नाही, पण ताशाच्या काड्यांमध्ये? झटके, नुसते झटके! आयफोनच्या सेटिंग्जमध्ये पाल फॉरमॅट सुरू केला की २५चा पर्याय दिसतो. तिथंच एचडीआर बंद करायचं, नाहीतर बाकी कॅमेऱ्यांतला भगवा फेटा फोनमध्ये थेट निऑन दिसतो.

डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती या कामाला पुरते. पण तिच्यात एकदा क्लिप्स आत घेतल्या की प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही. म्हणून ती वही!

मिरवणुकीआधी सगळ्यांनी माझ्या फोनवरचं सेकंदासकट घड्याळ शूट केलं. फालतू वाटतं, पण अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचं घड्याळ कुठल्या सालात असेल याचा नेम नसतो.

शूटनंतर फर्मान काढलं, व्हॉट्सअ‍ॅपवर क्लिप टाकणाऱ्याला कोजागिरीचं दूध मिळणार नाही. तिथं व्हिडिओ दाबून लहान होतो. केबल नाहीतर पेनड्राइव्ह. ४के, ३० फ्रेम्सचं एक मिनिट आयफोनवर साधारण १७० एमबी खातं, त्यामुळे दोन हार्ड डिस्क लागल्या. दोन्हींवर कॉपी झाल्याशिवाय फोन रिकामा करायचा नाही. प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं फोल्डर, कारण दोन फोनमध्ये एकाच नावाच्या फाइल्स हमखास निघतात. हॅंडिकॅमच्या कार्डातून सुट्या फाइल्स न उचलता अख्खं फोल्डर घेतलं. लांब रेकॉर्डिंगचे तो तुकडे करतो आणि ते जोडायची माहिती त्या फोल्डरात असते.

आवाजाचं काय? ताशापुढे फोनचा माइक फाटतोच. म्हणून एक छोटा रेकॉर्डर, लेव्हल मुद्दाम कमी, ताशांच्या रांगेत. फिल्मभर तोच आवाज. बाकी कॅमेऱ्यांचा आवाज फक्त जुळवणीपुरता.

आणि इथं एक सॉलिड गंमत आहे. सॉफ्टवेअर आवाजाच्या लाटा जुळवून क्लिप्स आपोआप बसवतं. पण हॅंडिकॅम पस्तीसेक मीटर लांब. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे गॅलरीत ठोका एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. आवाज जुळवला की चित्र अडीच फ्रेम पुढे पळतं! टिपरू आधी पडतं, ढोल मग वाजतो. अशी क्लिप हाताने दोन-तीन फ्रेम मागे सरकवायची. संगणक हे स्वतःहून करत नाही.

रंगांच्या बाबतीत माझं मत जरा वेगळं आहे. अकरा कॅमेरे तंतोतंत एकसारखे दिसायला हवेत, हा हट्ट सोडा. चेहऱ्यांचा रंग जुळला की डोळा बाकीचं चालवून घेतो. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचं तर पाच सेकंदांवर काही वापरूच नये, डोकं गरगरतं.

एवढं करूनही सगळ्यात भारी शॉट निघाला तो एका नव्या पोराच्या फोनमध्ये. शेवटच्या चौकातलं स्थिरवादन, काकांची तर्री, डोळे मिटलेले. पंधरा सेकंद. आणि फोन ३०वर! अधल्यामधल्या फ्रेम्स संगणकाकडून बनवून घेतल्या, तर काड्या धुरासारख्या पुसट झाल्या. मग एकही फ्रेम न फेकता सगळ्या २५च्या वेगाने चालवल्या. पंधराचे अठरा सेकंद झाले, चाल किंचित संथ, झटका शून्य. आता ठोके जुळणार नव्हते, म्हणून तेवढ्यापुरता ताशा हळूहळू बंद केला. फक्त गर्दीचा आवाज ठेवला.

कोजागिरीला गच्चीवर पडदा लावून फिल्म दाखवली. काकांनी शेवटपर्यंत पाहिली आणि पहिला प्रश्न टाकला, "मधेच माझा ताशा कुणी बंद केला गं?"

"मी, काका. तुमचा चेहरा बघायचा होता."

"बरं," म्हणाले, "तेवढंच परत लाव."