वारा कोणी अंगावर घेतला?

बक्षीस समारंभाचे पाहुणे माईक हातात घेऊन म्हणाले, "सायकलच्या शर्यतीत जात नसते, आरक्षण नसते. ज्याच्या पायात दम, तो पुढे. याला म्हणतात गुणवत्ता!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत आम्ही चौघे बसलो होतो. तीन दिवस सायकल हाणून पाय सुजले होते. आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. का वाजवल्या नाहीत, हे सांगण्यासाठी आजचा हा लेखप्रपंच.

आमचा पेशा वकिलीचा, वय चाळिशीच्या पुढचे. डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढल्याचे सांगितले आणि आम्ही सायकलकडे वळलो. आधी रंकाळ्याला फेऱ्या, मग दर रविवारी कोल्हापूर ते पन्हाळा, पुढे गगनबावड्यापर्यंत मजल गेली. वाटेत सोबती मिळाले. एक शाळामास्तर, एक बँकेतले कारकून आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फिटरचे काम करणारा आमच्याच वस्तीतला एक पंचविशीचा तरुण. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघांनी मिळून तीन दिवसांच्या एका हौशी शर्यतीत नाव घातले.

टप्प्यांची शर्यत म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. रोज एक टप्पा पार करायचा. रोजचा वेळ लिहून ठेवतात, शेवटी सगळ्या दिवसांची बेरीज करतात. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. एखादा टप्पा जिंकलेला गडी शेवटी दहावा येऊ शकतो आणि एकही टप्पा न जिंकलेला गडी पहिला येऊ शकतो. दिलेल्या वेळेत टप्पा पुरा झाला नाही तर बाद. फ्रान्सची जगप्रसिद्ध टूर द फ्रान्स १९०३ साली एका वर्तमानपत्राने खप वाढवण्यासाठी सुरू केली, तीही याच पद्धतीची. आपल्याकडची जुनी मुंबई-पुणे शर्यत एका दिवसाची. तिच्यातला 'घाटाचा राजा' हा किताब आपल्या भागातल्या पोरांनाही ठाऊक असतो. दक्षिणेत २००८ पासून निलगिरीच्या डोंगरांत अनेक दिवसांची हौशी सायकलस्वारी भरत आली आहे.

आता आमच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. सकाळपासून समोरून वारा सुटला होता. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, तरी सायकल पुढे सरकेना. ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने जाताना सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून राहिले तर मागच्याची सुमारे एक तृतीयांश मेहनत वाचते. मोठ्या जथ्याच्या पोटात शिरले तर त्याहून जास्त. नेदरलँड्समधील आइंडहोवनच्या संशोधकांनी २०१८ साली १२१ सायकलस्वारांच्या जथ्याचा अभ्यास केला. जथ्याच्या आत सुरक्षित जागी असलेल्याला एकट्याने चालवणाऱ्याच्या तुलनेत हवेचा विरोध अवघा पाच ते दहा टक्केच होतो, असे त्यांना आढळले.

त्या दिवशी आमच्या चौघांचा वारा फिटरने अंगावर घेतला. आम्ही पाळीपाळीने पुढे जायचो, पण आमचा दम दोन-तीन मिनिटांत संपायचा. मग तो मान खाली घालून पुन्हा पुढे. सुमारे चाळीस किलोमीटर त्याने आम्हाला ओढले. पहिल्या दिवशी त्याची जुनी ट्यूब दोनदा पंक्चर झाली होती, त्यात अर्धा तास गेला होता. त्यामुळे त्याचा क्रमांक आधीच मागे पडला होता. "साहेब, माझं काय जातंय? तुम्ही वेळेत पोचा," एवढेच तो म्हणाला. आम्ही वेळेत पोचलो. चौघांत आमच्या शाळामास्तरांचा क्रमांक सर्वांत वर लागला. फिटरचे नाव यादीत बरेच खाली होते. निकालपत्रकात वेळ लिहिलेली होती, वारा लिहिलेला नव्हता.

वाचकहो, गुणवत्तेच्या नावाने आपल्याला रोज जे ऐकवले जाते, त्याचे उत्तर या एका टप्प्यात आहे. ज्यांच्या घरात चार पिढ्यांपूर्वी पुस्तक आले, शिकवणीचे पैसे आले, ओळखीपाळखी आल्या, ते जथ्याच्या पोटात बसून आले. त्यांनीही पाय मारले, ते आम्ही नाकारत नाही. पण घरातला पहिला पदवीधर एकटा समोरच्या वाऱ्यात सायकल हाणत येतो आणि त्याची वेळ दोन मिनिटांनी जास्त भरते, तेव्हा त्याच्या पायात दम नव्हता असे कोणत्या पुराव्यावर म्हणता? न्यायालयात आम्ही साक्षीदाराला विचारतो, तसे विचारावे लागेल : तुमच्या पुढे कोण होते? वारा कोणी घेतला?

सायकलीच्या जगाला हे ठाऊक आहे. टूर द फ्रान्सचा विजेता बक्षिसाची रक्कम आपल्या संघातल्या सोबत्यांत वाटतो, अशी तिथली जुनी रीत आहे. आपण एकट्याने जिंकलो नाही, याची ती जाहीर कबुली. आमच्या पाहुण्यांना ही रीत माहीत नसावी.

आणि 'हौशी' या शब्दाचाही इतिहास तपासला पाहिजे. इंग्लंडमध्ये हेन्लीच्या नौकाशर्यतीच्या १८७९ च्या नियमांत कारागीर, यंत्रावर काम करणारे आणि मजूर यांना हौशी खेळाडूंतून वगळले होते. म्हणजे आमचा फिटर त्या व्याख्येत बसला नसता! अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या मोठ्या संघटनेने १८९४ साली सदस्यत्व फक्त गोऱ्यांपुरते केले. त्याच देशातला मेजर टेलर हा काळा सायकलपटू १८९९ साली मॉन्ट्रियलमध्ये जगज्जेता झाला. गोरे स्पर्धक त्याला मुद्दाम कोंडीत धरत, पाडू बघत. १९३२ साली शिकागोत तो दारिद्र्यात मेला. संघटनेचा तो नियम औपचारिकपणे रद्द व्हायला १९९९ साल उजाडले. आणि टूर द फ्रान्सचा टप्पा जिंकणारा पहिला काळा आफ्रिकी, इरिट्रियाचा बिनियम गिरमाय, २०२४ साली दिसला. त्या वर्षी त्याने तीन टप्पे आणि हिरवी जर्सी जिंकली. १९०३ ते २०२४ या काळात आफ्रिकेच्या पायांत दम नव्हता का?

आज हौशी शर्यतीच्या नियमांत असे काही लिहिलेले नसते. लिहायची गरजच काय? चांगली सायकल लाख-दोन लाखांची, प्रवेशशुल्क हजारांत, वर राहणे-खाणे. आम्ही न्यायालयात तारीख मागून घेतली, मास्तर आणि कारकून यांनी हक्काची रजा टाकली. फिटरची तीन दिवसांची मजुरी बुडाली. सायकल त्याने जुनी घेऊन स्वतःच्या हाताने दुरुस्त केली होती. दारावर पाटी नाही, पण उंबरा तेवढाच उंच आहे.

तरीही या खेळावर आमचा जीव जडला, त्याचे कारण पाणी. तिसऱ्या दिवशी घाटात आमची बाटली रिकामी झाली. दुसऱ्या संघाचा एक अनोळखी गडी शेजारून जात होता. त्याने न विचारता आपली बाटली पुढे केली, आम्ही तोंड लावून प्यालो, तोही उरलेले प्याला आणि पुढे गेला. १९५२ च्या टूर द फ्रान्समधले कोप्पी आणि बार्ताली या दोन कट्टर इटालियन प्रतिस्पर्ध्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. चढावर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात बाटली जात आहे. कोणी कोणाला दिली, यावर वाद झाला. आपल्याकडे पाण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. कोल्हापुरात पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे थांबून चहा घेतला. घाटातली ती बाटली आम्हाला म्हणूनच मोलाची वाटते.

शाहू महाराजांनी आणखी एक गोष्ट केली. पैलवानाला नुसते 'जोर काढ' म्हणून सांगितले नाही. तालमी उभ्या केल्या, खुराक दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान बांधून दिले. मग कोल्हापूर कुस्तीची पंढरी झाले. सायकलीलाही हेच लागू आहे. याच जिल्ह्याच्या पूजा दानोळे यांनी २०२० साली गुवाहाटीच्या खेलो इंडिया स्पर्धेत सायकलिंगची सुवर्णपदके आणली. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात १९ ते २३ तारखेदरम्यान ४३७ किलोमीटरची 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय टप्प्यांची शर्यत झाली. रस्ते आपले, घाट आपले. त्या रस्त्यावर आपली पोरे टाळ्या वाजवायलाच उभी राहणार का?

आमची सूचना साधी आहे. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जे उडते, त्यातला वाटा काढून वस्तीच्या विहारात चार जुन्या पण चांगल्या सायकली, हेल्मेट, पंप आणि हत्यारांची पेटी ठेवावी. दर रविवारी मुले-मुली पन्हाळ्याच्या रस्त्याला लागावीत. जो शर्यतीत उतरेल त्याचे शुल्क आणि बुडालेली मजुरी नोकरदारांनी भरावी. हे दान नव्हे. आपण ज्यांच्या मागे राहून इथवर आलो, त्यांचा हिशेब आहे.

आम्ही तिघांनी फिटरची तीन दिवसांची मजुरी वाटून दिली. तो घेत नव्हता. शेवटी म्हणाला, "बरं, नव्या ट्यूबा घेतो. पुढच्या वर्षी मात्र साहेब, पुढं तुम्ही राहायचं." आम्ही कबूल केले आहे. सध्या पहाटे पाचला पन्हाळ्याच्या चढाला आम्ही पुढे राहायला शिकत आहोत.